मकरेत दोघं भेटले तेव्हा कोपरीत किती वाजले होते?

२१ डिसेंबर २०२०, सोमवार, संध्याकाळचे साडेसहा. ठाणे पूर्वेच्या कोपरीत सूर्य मावळून जेमतेम पंचवीस मिनिटं झाली आहेत. नैर्ऋत्येला, क्षितिजाच्या वीस-बावीस अंश वर, दोन ग्रह एकमेकांना जवळजवळ चिकटून उभे आहेत. तेजस्वी तो गुरू, त्याच्या डोक्यावर फिकट पिवळसर तो शनी. दोघांमधलं अंतर अवघं सहा कला, म्हणजे एका अंशाचा दहावा भाग. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचे पाच तुकडे केले, तर त्यातला एक! इतके जवळ ते याआधी १६२३ साली आले होते, पण तेव्हा ते सूर्याच्या इतके लगत होते की दिसणं कठीणच. सहज दिसावी अशी इतकी जवळची भेट त्याआधी झाली ती १२२६ साली. तेव्हा देवगिरीवर यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरांच्या जन्माला अजून जवळपास पन्नास वर्षं होती.

आता समजा, नेमक्या याच मिनिटाला कोपरीत एक बाळ जन्मलं. बारशाच्या आधी कुणीतरी आजी पत्रिका करायला टाकणार. गुरुजी कागदावर चौकोन काढतील, दोन कर्णरेषा मारतील, बाजूंचे मध्यबिंदू जोडतील आणि बारा घरं तयार होतील. त्यातल्या एका घरात १० हा आकडा असेल, म्हणजे मकर रास, आणि त्या आकड्याशेजारी दोन अक्षरं: ‘गु’ आणि ‘श’. जवळपास आठशे वर्षांनी सहज दिसलेलं दृश्य, आणि त्याची नोंद दोन अक्षरांत! बरं, ही दोन अक्षरं वाचायची कशी? यातून कुणी राजयोग काढतं, कुणी घबराट. ही वाचनाची पद्धत आतून उघडून पाहिली, तर थक्क व्हायला होतं. भविष्य खरं ठरतं की नाही, ते पुढे बघूच. आधी यंत्र कसं चालतं ते बघू.

पहिली गंमत अशी, की दोघं भेटलेच नव्हते. त्या संध्याकाळी गुरू आपल्यापासून सुमारे ८९ कोटी किलोमीटरवर होता आणि शनी सुमारे १६२ कोटी. दोघांच्या मध्ये ७० कोटी किलोमीटरहून जास्त रिकामी जागा. कोपरीतल्या एखाद्या गच्चीवर साडेसहाला पोचलेला शनीचा प्रकाश शनीपासून निघाला होता पाच वाजता. गुरूचा निघाला होता पाच चाळीसच्या सुमारास. म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणांहून, दोन वेगळ्या वेळी निघालेले किरण एकाच क्षणी, एकाच दिशेनं बाळाच्या गच्चीवर उतरले, आणि त्याला आपण म्हणालो युती. युती आकाशात घडत नाही, ती पाहणाऱ्याच्या जागी घडते. फलज्योतिषात पुढे जे काही होतं, ते या एका गोष्टीवर उभं आहे.

पण मग या भेटी वीस वर्षांनीच का होतात? कोपरीकरांना हे समजवायला ठाणे स्टेशन पुरेसं आहे. स्लो लोकल आणि फास्ट लोकल एकाच दिशेनं धावत असतात; फास्ट मागून येते, बरोबरीला येते, काही क्षण खिडकीला खिडकी लागते आणि ती पुढे निघून जाते. गुरू ही फास्ट लोकल: वर्षाला सुमारे ३० अंश. शनी स्लो: वर्षाला सुमारे १२ अंश. म्हणजे गुरू दर वर्षी शनीवर १८ अंशांची आघाडी घेतो. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं. भागाकार करा, उत्तर येतं वीस. नेमकं सांगायचं तर १९.८६ वर्षं.

आणि या वीस वर्षांत शनी किती पुढे सरकलेला असतो? सुमारे २४३ अंश, म्हणजे वर्तुळाच्या दोन तृतीयांशाहून थोडा जास्त, आठ राशी. म्हणून पुढची भेट आठ राशी पलीकडे, त्यापुढची आणखी आठ, आणि तिसरी पुन्हा पहिल्या जागेच्या आसपास. भेटीचे हे तीन बिंदू जोडले की आकाशात त्रिकोण उमटतो. १५९५ साली ग्राझ या गावात एक तरुण मास्तर विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर गुरू-शनीच्या युतींची हीच आकृती काढत होता. ती काढता काढता त्याला ग्रहकक्षांच्या रचनेविषयी एक कल्पना सुचली. ती कल्पना चुकीची होती, पण तिच्या मागे लागूनच त्याला पुढे खरे नियम सापडले. मास्तरांचं नाव योहानेस केप्लर. तोही पत्रिका करायचा बरं का, पैशासाठी आणि अर्धवट विश्वासानंही.

आपल्याकडे हीच आकृती साठीच्या रूपात घरात येते. गुरूच्या पाच फेऱ्या म्हणजे साठ वर्षं, शनीच्या दोन फेऱ्या म्हणजेही साधारण साठ. १९६१च्या फेब्रुवारीत दोघं मकरेत भेटले होते. मग १९८१ साली कन्येत, आणि त्या खेपेला चक्क तीनदा, कारण वक्री होऊन दोघं मागेपुढे झाले. मग २००० साली मेषेच्या अगदी टोकाला. आणि २०२०मध्ये पुन्हा मकरेत. म्हणजे आजोबा १९६१च्या आणि नातू २०२०च्या भेटीच्या दिवसांत जन्मलेले असतील, तर दोघांच्याही पत्रिकेत १० या आकड्याशेजारी ‘गु’ आणि ‘श’. प्रभव, विभवपासून क्षयापर्यंतची साठ संवत्सरंही गुरूच्याच चालीवर बेतलेली आहेत. साठी शांत करताना ज्याला आपण आयुष्याचा एक फेरा म्हणतो, तो वर खरोखरच पूर्ण झालेला असतो.

ही सगळी मोजमापं संगणकाशिवाय कशी करत असतील? त्यासाठी ठाण्याहून फार लांब जायला नको. रायगड जिल्ह्यात मुरूड-जंजिऱ्याजवळ समुद्रकाठी नांदगाव आहे. तिथल्या गणेश दैवज्ञानं १५२० साली ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ, म्हणजे ग्रहगणिताची व्यवहारी पुस्तिका, रचला. ग्रह कुठे आहे हे काढण्यासाठी तोवर ज्या-कोज्यांची किचकट कोष्टकं वापरावी लागत. या पठ्ठ्यानं ती बाजूलाच ठेवली! बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांच्या जोरावर त्यानं ग्रहांची स्थिती काढून दाखवली. शिवाय मोजायच्या दिवसांचा आकडा अजस्र होऊ नये म्हणून त्यानं ४,०१६ दिवसांचं, म्हणजे जवळपास अकरा वर्षांचं, चक्र धरलं. झालेली चक्रं बाजूला काढायची आणि उरलेल्या दिवसांचंच गणित करायचं. पुढची शेकडो वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं याच पुस्तकावर चालली. पाटीवर करता यावं इतकं सोपं केलेलं ग्रहगणित! मला विचाराल तर या अख्ख्या विषयातला सगळ्यात मोठा चमत्कार हाच.

आता मकरेतली ‘गु-श’ ही दोन अक्षरं घेऊन पत्रिकेत शिरू. त्या संध्याकाळी ठाण्यात, नागपुरात, लंडनमध्ये, सगळीकडे गुरू-शनी एकाच राशीत होते. मग कोपरीतल्या बाळाची पत्रिका वेगळी कशी? ती वेगळी होते लग्नामुळे. लग्न म्हणजे त्या क्षणी त्या जागी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे बाराही राशी चोवीस तासांत एकदा पूर्वेला उगवून जातात. एका राशीला साधारण दोन तास, एका अंशाला साधारण चार मिनिटं. त्या साडेसहाच्या क्षणी कोपरीच्या पूर्वेला, खाडीच्या बाजूला, मिथुन रास उगवत होती, तिचा बारावा अंश. म्हणून पत्रिकेत वरच्या मधल्या घरात ३ हा आकडा येणार, आणि तिथून मोजत गेलं की मकर पडते आठवी. अष्टम स्थान. मृत्युस्थान!

“गुरुजी, अष्टमात शनी? आणि वर गुरूही? काही करावं लागेल का हो?”

आजींचा आवाज इथे बारीक होतो. त्यांना थोडं थांबवून एक गोष्ट सांगायला हवी, जी पत्रिका दाखवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पत्रिकेतली बारा घरं ही खऱ्या आकाशातल्या खऱ्या जागा आहेत. पहिलं घर म्हणजे पूर्व क्षितिज. दहावं म्हणजे डोक्यावरचा भाग, जिथे दुपारी सूर्य असतो. सातवं म्हणजे पश्चिम क्षितिज. चौथं म्हणजे पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडचं आकाश. आणि आठवं? पश्चिम क्षितिजाच्या किंचित वरचा पट्टा, जिथे आलेली कुठलीही चांदणी आता मावळतीला लागलेली असते. कोपरीच्या गच्चीवरून त्या संध्याकाळी गुरू-शनी कुठे दिसत होते? नैर्ऋत्येला, वीस-बावीस अंशांवर. म्हणजे नेमक्या त्याच पट्ट्यात!

इथे मला दर वेळी शहारा येतो. ज्यांनी ही घरं आखली, ते लोक रोज आकाश बघत होते. दशमाला कर्म आणि मानसन्मान का दिला? कारण तिथे सूर्य सगळ्यात उंच असतो. अष्टमाला अंत का दिला? कारण तिथून ग्रह थोड्याच वेळात दिसेनासा होतो. आज पत्रिका संगणकावर निघते, आकाश इमारतींच्या मागे गेलं आहे, आणि घाबरवणारी नावं तेवढी उरली आहेत. आजींना सांगावं, की अहो, तुमच्या नातवाच्या अष्टमात गुरू-शनी आहेत म्हणजे तो जन्मला तेव्हा ते पश्चिमेला दिसत होते. एवढंच.

पण गुरुजी इथे थांबत नाहीत, कारण खरी करामत पुढेच आहे. कोणती रास कुणाच्या मालकीची? सिंह सूर्याची, कर्क चंद्राची, दोघं शेजारी. आता या जोडीपासून दोन्ही बाजूंना एकेक पाऊल टाका. मिथुन आणि कन्या बुधाच्या. आणखी एक पाऊल, वृषभ आणि तूळ शुक्राच्या. मग मेष आणि वृश्चिक मंगळाच्या, मीन आणि धनू गुरूच्या, आणि सगळ्यात शेवटी, सूर्य-चंद्राच्या बरोबर समोर, कुंभ आणि मकर शनीच्या. हा क्रम ओळखीचा वाटतो? बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी: सूर्यापासूनच्या अंतराचाच हा क्रम! दुर्बीण नव्हती, सूर्य मध्यभागी आहे हेही मान्य नव्हतं; पण कोण जलद चालतो आणि कोण रेंगाळतो, हे त्यांनी इतकं नीट पाहिलं होतं की राशींच्या वाटणीत ग्रहमालेची रचनाच उमटली.

या मालकीमुळे दोन अक्षरांचं वाक्य बनतं. मिथुन लग्नाला गुरूच्या राशी धनू आणि मीन. त्या पडतात सातव्या आणि दहाव्या घरात. शनीच्या मकर आणि कुंभ पडतात आठव्या आणि नवव्यात. म्हणजे मकरेत कोण भेटले? नवव्या घराचा मालक आणि दहाव्या घराचा मालक. नवमेश हा धर्माचा, दशमेश हा कर्माचा. पाराशरी परंपरेत ही जोडी म्हणजे धर्मकर्माधिपती योग, राजयोगांतला मानाचा. पण भेट झाली अष्टमात. म्हणजे राजयोग आहे, पण जागा वाईट. वर गुरू मकरेत नीच समजला जातो; मकरेचा पाचवा अंश हे त्याचं परम नीच स्थान, आणि त्या दिवशी तो सहाव्या अंशावर होता! मग गेलं सगळं? नाही, थांबा. ज्या राशीत ग्रह नीच असतो, तिचा मालक बरोबर असला तर नीचत्व भंग पावतं. मकरेचा मालक कोण? शनी. तो तर सहा कलांवर उभा आहे. म्हणजे नीचभंग, आणि तोही राजयोगच.

बघितलंत काय झालं? एका वाक्यात चांगलं, मग वाईट, मग आणखी वाईट, मग पुन्हा चांगलं. प्रत्येक नियमाला अपवाद, अपवादाला पुन्हा नियम. आता यात आणखी एक भर घाला. बुध ते शनी या पाच तारकाग्रहांपैकी दोन एक अंशाच्या आत आले, तर त्याला नुसती युती म्हणत नाहीत, ग्रहयुद्ध म्हणतात. ‘सूर्यसिद्धान्ता’त त्याचे प्रकारही दिले आहेत: बिंबं एकमेकांना टेकली तर उल्लेख, एकानं दुसऱ्याला झाकलं तर भेद. सहा कलांवर युद्ध तर झालंच. मग जिंकलं कोण? जो उत्तरेला तो विजयी, असा एक पक्ष. त्या दिवशी उत्तरेला शनी होता. बिंब मोठं आणि तेजस्वी ज्याचं तो विजयी, मग तो दक्षिणेला का असेना, असा दुसरा. आणि तेजात गुरूपुढे शनी कितीतरी फिका. दोन ज्योतिषी, दोन विजेते. दोघंही ग्रंथाचा आधार दाखवतील.

आता घड्याळ थोडं पुढे सरकवू. त्याच संध्याकाळी, त्याच गल्लीत, साडेआठला दुसरं बाळ जन्मलं. आकाशात काय बदललं? गुरू-शनी अजून मकरेतच, अजून चिकटलेलेच. पण ते सव्वाआठच्या सुमारास मावळलेत, आणि पूर्वेला मिथुन संपून कर्क रास उगवते आहे. कर्क लग्नाला मकर पडते सातवी. मृत्युस्थान गेलं, विवाहस्थान आलं! गुरू आता सहाव्या आणि नवव्या घराचा मालक, शनी सातव्या आणि आठव्याचा. धर्मकर्माधिपती योग नाहीसा झाला. पण शनी स्वतःच्या राशीत आणि केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या या घरांपैकी एकात आला, त्यामुळे पंचमहापुरुष योगांपैकी शश योग तयार झाला. दोन तासांत एक राजयोग मोडला आणि दुसरा उभा राहिला, आणि ग्रह जागचे हललेसुद्धा नाहीत. हललं ते कोपरी. पृथ्वीबरोबर तीस अंश फिरून ते दुसऱ्या राशीसमोर आलं.

म्हणून जन्मवेळ. पावणेआठनंतर काही मिनिटांतच लग्न मिथुनेतून कर्केत गेलं. साडेसातचं बाळ एका पत्रिकेचं, आठचं दुसऱ्या. आणि इथे ठाण्याची एक खास भानगड आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे आणि ठाणे आहे ७३ अंशांच्या जरा अलीकडे. फरक साडेनऊ अंशांचा. अंशाला चार मिनिटं धरली तर अडतीस मिनिटं. म्हणजे आपल्या मनगटावरचं घड्याळ कोपरीच्या सूर्याच्या अडतीस मिनिटं पुढे चालतं. ही दुरुस्ती विसरली की साडेसातचं मिथुन लग्न कर्केत जाऊन बसतं. जुन्या पत्रिका पाहणाऱ्यांना तर आणखी सावध राहावं लागतं. मुंबईत प्रमाणवेळ आल्यावरही कित्येक वर्षं काही घड्याळं मुंबई वेळच दाखवत. शिवाय दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशभरातली घड्याळं एक तास पुढे केली होती. त्या काळातल्या एखाद्या आजोबांच्या पत्रिकेत ही एक तासाची वजाबाकी राहून गेली असेल, तर आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच कुणाचं लग्न बाळगलं असं म्हणायचं.

त्याच संध्याकाळच्या पत्रिकेत आणखी दोन युत्या आहेत, आणि त्या पाहिल्या की आकाश आणि कागद यांच्यातली फट दिसते. मीन राशीच्या घरात चंद्र आणि मंगळ एकत्र. चंद्र-मंगळ युती, धनदायक म्हणून प्रसिद्ध. आता आकाशात बघा: चंद्र मीनेत नुकताच शिरलेला, पहिल्या अंशाच्या आसपास, मंगळ मीनेच्या शेवटी, २८व्या अंशावर. दोघांत २७ अंशांचं अंतर! हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंश झाकते. अशा जवळजवळ तीन मुठी मध्ये मावतील. गच्चीवर उभं राहून कुणीही म्हणणार नाही की हे एकत्र आहेत. पण रास एक, म्हणून घर एक, म्हणून युती. उलट, एक ग्रह मीनेच्या २९व्या अंशावर आणि दुसरा मेषेच्या पहिल्यावर असेल, तर आकाशात ते शेजारी आणि पत्रिकेत भिंतीच्या दोन बाजूंना. अनुभवी ज्योतिषी म्हणूनच आधी अंश विचारतो. नुसती अक्षरं पाहून योग सांगणाऱ्यापासून मात्र जरा लांबच राहावं.

दुसरी युती सूर्य-बुधाची, धनू राशीत, दोघांत अंतर एका अंशाहून कमी. बुधादित्य योग, बुद्धिमत्तेचा. ऐकून बरं वाटतं. पण बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जाऊच शकत नाही. त्याची कक्षाच तेवढी लहान. एक रास तीस अंशांची. मग दोघं एका राशीत सापडले यात नवल ते काय? बिचारा बुध त्या दिवशी सूर्यतेजात पुरता बुडालेला होता, अस्तंगत. तुमच्या इमारतीतल्या पत्रिका गोळा केल्या, तर बुधादित्यवाले ढिगानं सापडतील. सगळे बुद्धिमान आहेत का, ते सोसायटीच्या वार्षिक सभेत तपासून घ्या.

इतका वेळ मी बिनदिक्कत ‘मकर’ म्हणतो आहे. पण त्याच दिवशी पाश्चात्त्य ज्योतिषी मात्र हे दोघं कुंभेत भेटले म्हणून नव्या युगाच्या गप्पा मारत होते. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्यामुळे वसंतसंपात दर ७२ वर्षांनी एक अंश मागे सरकतो. पाश्चात्त्यांची मेष या सरकत्या बिंदूपासून सुरू होते, आपली ताऱ्यांच्या चौकटीपासून. आज दोन्हींत सुमारे २४ अंशांचा फरक पडला आहे, हेच अयनांश. ताऱ्यांची चौकट तरी नक्की कुठून धरायची, यावर महाराष्ट्रात एके काळी मोठं रण माजलं. व्यंकटेश बापूजी केतकरांचा चित्रा पक्ष, लोकमान्य टिळकांचा रैवत पक्ष. दोन्हींत सुमारे चार अंशांचं अंतर. आज घरोघरी सोलापूरचं दाते पंचांग किंवा ‘कालनिर्णय’ असतं ते चित्रा पक्षाचं. पण टिळक पंचांग मानणारी घरंही आहेत, आणि कधीकधी त्यांचा गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो. आता २८ मे २०००ची गुरू-शनी युती घ्या. चित्रा पक्षानं ती मेषेच्या २९व्या अंशात; रैवत पक्षानं वृषभेत! एकच आकाश, एकच भाषा, दोन पंचांगं, दोन राशी. घरं बदलली, मालक बदलले, योग बदलले.

आणि योगांच्या भीतीनं काय होतं, हे पाहायचं असेल तर घरातल्या ज्येष्ठांना अष्टग्रहीविषयी विचारा. फेब्रुवारी १९६२च्या पहिल्या आठवड्यात सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकरेत जमले. पत्रिकेतल्या त्या एका घरात आठ अक्षरं कोंबायची कुठे, हाच आधी प्रश्न! त्यातच ५ तारखेला खग्रास सूर्यग्रहण. ते पॅसिफिक महासागरातून दिसलं, आपल्याकडे नाही. देशभर जग बुडणार अशी हाकाटी उठली. यज्ञ झाले, नामजप झाले, तूप जळलं. काहीही बुडालं नाही. त्या दोन-अडीच दिवसांत जन्मलेली मुलं आज साठी ओलांडून बसली आहेत, आठही ग्रह एका घरात घेऊन.

मग पत्रिकेतल्या अक्षरांचं हे वाक्य खरं ठरतं का? त्याची नीट तपासणी महाराष्ट्रातच झाली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सहकारी, अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे यांना बरोबर घेऊन एक चाचणी केली. दोनशे पत्रिका: शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि सांगितलं, वेगळ्या करून दाखवा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आलं असतं. एका संस्थेनं दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या. १०२ बरोबर आल्या. माझ्या लेखी इथे विषय संपतो. नियमांची ही गुंफण अचाट आहे, तिच्यातलं गणित खरं आहे आणि तिच्यातून निघणारं भाकीत चालत नाही. आजींनी शांत करायचे पैसे नातवाला दुर्बीण घ्यायला ठेवावेत. ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण स्वतः पंचांग करूनही लोकांना आकाशच बघायला लावत आले आहेत. आपल्या भागात त्याची सोयही आहे. कल्याणला आकाशमित्र मंडळ आहे, आणि खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत.

पुढची भेट ३१ ऑक्टोबर २०४० रोजी, दिवाळीच्या तोंडावर. या खेपेला अंतर सहा कला नसेल, अंशाहून थोडं जास्त असेल. ग्रह पहाटे, सूर्योदयाआधी दिसतील आणि तेही पूर्वेला, म्हणजे कोपरीच्या खाडीकडच्या बाजूला. २०२०च्या डिसेंबरात जन्मलेलं बाळ तेव्हा जवळपास वीस वर्षांचं असेल. दाते पंचांगानं पाहा की टिळक पंचांगानं, त्या दिवशी रास एकच निघेल: कन्या.